हक्क सोडणं, नाकारणं आणि जबाबदारी झटकणं : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

तेरवी आटोपली की घरात कागदांचा विषय निघतो. "तुझी फक्त सही लागते" असं म्हणत बहिणीपुढे किंवा आईपुढे जो कागद ठेवला जातो, तो बहुतेक वेळा हक्कसोडपत्र असतो. दिवाणी वकिलीत या एका दस्ताबद्दल सतत विचारणा होते, म्हणून ही उत्तरं लिहून काढली आहेत. वारशाची उत्तरं हिंदू वारसा कायदा १९५६ धरून दिली आहेत. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारशाचे नियम वेगळे आहेत. मात्र नोंदणी आणि मुद्रांकाचा भाग सगळ्यांना सारखाच लागू होतो.

हक्कसोडपत्र म्हणजे नेमकं काय?

सामाईक मिळकतीत ज्याचा हिस्सा आहे, त्याने तो हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात कायमचा सोडल्याचा दस्त. यात दोन अटी आहेत. सोडणाऱ्याचा हक्क आज अस्तित्वात असला पाहिजे, आणि ज्याच्या लाभात सोडायचा त्याचाही त्या मिळकतीत आधीपासून हिस्सा असला पाहिजे. यातली एक अट जरी पुरी होत नसेल, तर दस्ताचं नाव हक्कसोडपत्र ठेवूनही काम भागत नाही.

वडील वारले तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, "मला काही नको." तेवढं पुरेसं नाही का?

नाही. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच तुमचा हिस्सा तुमचा होतो. तुम्ही तो मागावा किंवा स्वीकारावा लागत नाही. त्यामुळे वारसा "नाकारणं" असा सोपा मार्ग इथे नाही. मिळालेला हक्क रीतसर सोडावा लागतो. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क संपवणारा दस्त नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. तोंडी शब्दावर भाऊ विसंबून राहिले, तर दहा वर्षांनी प्लॉट विकताना खरेदीदाराचा वकील त्याच बहिणीची सही मागायला लावतो.

साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केली आहे. तलाठ्याकडे जबाबही दिला. चालेल?

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. कलम ४९ मुळे असा कागद मिळकतीतला हक्क गेल्याचा पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. तलाठ्याकडच्या जबाबाचंही तसंच. काटोल, सावनेर, कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागांच्या बाबतीत ही चूक फार दिसते: वारस फेरफार करताना बहिणींची नावं घातलीच जात नाहीत, किंवा "आमची हरकत नाही" असा जबाब घेऊन ती कमी केली जातात. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. ती महसुलासाठी ठेवलेली नोंद आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेली बहीण मालक असू शकते, आणि बहुतेक वेळा असतेच. योग्य क्रम असा: आधी सगळ्या वारसांची नावं चढवायची, मग ज्याला सोडायचं आहे त्याने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं, आणि त्यावरून दुसरा फेरफार घ्यायचा.

वडील हयात आहेत. त्यांच्या घरातला माझा हक्क आत्ताच सोडून देऊ का?

घर वडिलांचं स्वकष्टार्जित असेल तर आज तुमचा त्यात हक्कच नाही. पुढे वारस होण्याची नुसती आशा आहे, आणि अशी आशा हस्तांतरित करता येत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ सांगतं. मुस्लिम कायद्यातही संभाव्य वारसाची स्थिती तशीच. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा: "माझा वाटा मिळाला, पुढे मागणार नाही" असं सांगून वडिलांकडून पैसे घेतले आणि त्या शब्दावर त्यांनी बाकीची व्यवस्था लावली, तर नंतर शब्द फिरवायला कोर्ट मनाई करू शकतं. गुलाम अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली हे मांडलं.

मिळकत आजोबा-पणजोबांपासून आलेली एकत्र कुटुंबाची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मुलगा आणि मुलगी दोघांनाही जन्माने हिस्सा असतो, आणि तो वडील हयात असतानाही सोडता येतो.

लग्नात हुंडा-मानपान झाला, खर्च झाला. तरी बहिणीचा हिस्सा राहतो?

राहतो. लग्नातला खर्च म्हणजे वाटणी नव्हे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा मुलाएवढाच हिस्सा १९५६ पासूनच आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने तिला जन्मजात हिस्सा दिला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्या मात्र या दुरुस्तीने उघडत नाहीत.

वीस वर्षं बहिणीने काही मागितलं नाही. तिचा हक्क बुडाला नाही का?

नुसतं गप्प बसल्याने बुडत नाही. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असलेला ताबा समजला जातो. "तुझा हक्क मला मान्य नाही" हे तिला उघड कळेल असं वागून पुढची बारा वर्षं ताबा ठेवला, तरच भावाला विरुद्ध ताब्याचा, म्हणजे ताब्याच्या जोरावर मालक झाल्याचा, मुद्दा मांडता येतो, आणि तो सिद्ध करणं कठीण असतं. माहेर तुटू नये म्हणून ती बोलली नाही. तेवढ्यावरून तिने हिस्सा सोडला असं कोणी गृहीत धरू नये.

सोडलेला हिस्सा कोणाला जातो?

दस्तात लिहिलं असेल त्याला. समजा, मानेवाड्याचा प्लॉट वडिलांचा होता आणि मागे आई, दोन भाऊ, एक बहीण आहेत. प्रत्येकाचा पाव हिस्सा. बहिणीने तिघांच्या लाभात सोडला तर तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश होतो. फक्त थोरल्याच्या लाभात सोडला तर थोरला निम्म्याचा मालक, आई आणि धाकटा जागच्या जागी पावावर. बहिणीला वाटत असतं आपण "घराला" दिलं, प्रत्यक्षात एकालाच गेलेलं असतं. म्हणून लिहून घेणाऱ्यांची नावं पाहिल्याशिवाय पुढचं वाचूच नका.

पुतण्याच्या नावे सोडायचं आहे.

त्याचे वडील हयात असतील आणि त्या मिळकतीत पुतण्याचा स्वतःचा हिस्सा नसेल, तर हे हक्कसोडपत्र होत नाही. त्याला बक्षीसपत्र करावं. त्याचा मुद्रांक वेगळा, दोन साक्षीदार लागतात, आणि तुम्ही हयात असतानाच त्याने ते स्वीकारावं लागतं.

मुद्रांक किती लागतो?

वडिलोपार्जित मिळकत, मोबदला नाही, आणि हक्क भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, आई, वडील, पती किंवा पत्नी यांच्या लाभात सोडला, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ५२(अ) प्रमाणे ठरावीक रक्कम. ही पूर्वी २०० रुपये होती. ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये आहे. दोन भावांनी मिळून विकत घेतलेला बेसा रोडचा फ्लॅट मात्र वडिलोपार्जित नाही. त्यातला हिस्सा एकाने दुसऱ्याला सोडला, तर त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताच्या दराने मुद्रांक भरावा लागतो. मोबदला घेतला असेल तर तो लपवू नका. पाच लाख घेऊन "विनामोबदला" लिहिलं, तर मुद्रांक चुकवल्याचा प्रश्न उभा राहतो, आणि हक्क सोडून पैसे घेणं आयकराच्या दृष्टीने हस्तांतरण असल्यामुळे भांडवली नफ्याचाही.

मसुद्यात काय वाचावं?

सगळं. पण या जागी बोट ठेवून वाचा.

पहिली जागा मिळकतीच्या वर्णनाची. खसरा किंवा भूमापन क्रमांक, मौजा, प्लॉट नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा हे सगळं तिथे हवं. प्रचलित मसुद्यांत पुष्कळदा असं वाक्य असतं: "तसेच मयताच्या नावे असलेल्या व पुढे निदर्शनास येणाऱ्या इतर सर्व स्थावर-जंगम मिळकतींवरील माझा हक्क, हितसंबंध व अधिकार मी या दस्तान्वये कायमचा सोडून देत आहे." तुम्ही गावच्या दोन एकरांसाठी सही करायला आलात, आणि या एका ओळीने धंतोलीचं घर, मुदत ठेवी आणि सोनंही सोडल्याचा वाद अंगावर घेता. ही ओळ खोडायला लावा. मसुदा टंकलेखकाच्या जुन्या फाईलवरून उचललेला असतो, त्यामुळे कोणाच्या मनात वाईट नसतानाही ती तशीच राहते.

दुसरी जागा मोबदल्याची. भावाने "पाच लाख देईन" म्हटलं असेल तर ते दस्तात यावं, चेक नंबरासह. दस्तात "विनामोबदला, स्वखुशीने" लिहून पैसे तोंडी ठेवले की ते मागायला तुमच्या हातात कागद उरत नाही.

तिसरी, "दस्त मला वाचून दाखवला, समजावून सांगितला, तो मला कबूल आहे" हे शेवटचं वाक्य. कोणी वाचून दाखवला नसेल तर त्याखाली सही करू नका. मसुदा दोन दिवस घरी न्यायला मागा. कायदेशीर घाई अशी क्वचितच असते. घाई असते ती गावाहून आलेले सगळे परत जायच्या आत उरकण्याची.

आईने मुलांच्या लाभात सही करावी का?

माझं मत स्पष्ट आहे: राहत्या घरातला हिस्सा आईने सोडू नये. तिच्या पश्चात तो मुलांनाच जाणार आहे. आज सोडून मुलांना मिळतं ते फक्त लवकर मिळतं, आणि आईच्या हातचा आधार जातो. तरी करायचंच असेल, तर सांभाळ, औषधपाणी आणि त्या घरात तहहयात राहण्याचा हक्क या अटी दस्तातच लिहून घ्याव्यात. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ अशा अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, परत मिळवून देतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. अट लिहिलेलीच नसेल तर तीच सिद्ध करण्यात म्हातारपण जातं.

मुलगा अज्ञान (१८ वर्षांखालचा) आहे. त्याच्या वतीने मी सोडू शकते का?

वारशाने त्याच्या वाट्याला आलेल्या स्थावर हिश्श्यासाठी आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला दस्त तो सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून घेऊ शकतो. कोर्ट सहसा विचारतं, यात मुलाचं हित काय? विनामोबदला सोडण्यात त्याचं हित दाखवणं जवळपास अशक्य आहे.

भाऊ परदेशात आहे.

त्याने तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवावं. ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. मुखत्यारपत्रात "हक्कसोडपत्र करून देण्याचा अधिकार" आणि मिळकतीचं वर्णन हे दोन्ही नेमकेपणाने असावं. सर्वसाधारण शब्दांवर दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणारे अधिकारी) अडवतात. देशात, पण बाहेरगावी असणाऱ्याने आपल्या राहत्या जागेच्या निबंधकासमोर मुखत्यारपत्र करावं.

निबंधक कार्यालयात काय होतं?

माहिती आधी ऑनलाइन भरलेली असते. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत सादर करायचा. आधार, पॅन, मृत्यू दाखला, मिळकतीचे उतारे आणि ओळख पटवणारे दोघे बरोबर लागतात. खिडकीपाशी फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, आणि अधिकारी विचारतात, "दस्त मान्य आहे ना?" हा प्रश्न सवयीच्या सुरात येतो, पण पूर्ण व्यवहारातला तो एकमेव क्षण असतो जेव्हा सरकार तुम्हाला थेट विचारतं. "नाही" म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आजारपणामुळे जाता येत नसेल तर अर्ज केल्यावर निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात.

नंतर नाव कुठे कुठे बदलायचं?

शेतजमिनीला सातबारा. शहरात नगर भूमापन कार्यालयाची आखीव पत्रिका. महापालिकेत मालमत्ता कराचं नामांतर. नागपुरात आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) भाडेपट्ट्याचा असेल तर पट्ट्यातल्या अटी आधी वाचाव्यात, कारण हस्तांतरासाठी बहुधा त्यांची परवानगी लागते. जमीन नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी, असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेचं तसंच. इथे तुम्ही सोडता ती मालकी नसून पट्टेदाराचा हक्क असतो, आणि दस्तात तसंच लिहावं लागतं. गुंठेवारीत नियमित झालेल्या प्लॉटचं आरएल लेटर (नियमित केल्याचं पत्र) ज्याच्या नावे आहे तेही सोबत जोडा.

सही केली, आता पस्तावा होतोय. परत घेता येईल?

विचार बदलला एवढ्यावरून नाही. फसवून, धाक दाखवून किंवा नात्याचा गैरवाजवी दबाव आणून सही घेतली असेल तर दस्त रद्द करून मागता येतो. दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी न्यायालयात लावायचा. सिद्ध करण्याचं ओझं मात्र सही करणाऱ्यावर, आणि नोंदणीकृत दस्त पक्का मानूनच कोर्ट सुरुवात करतं. दुसऱ्या बाजूची तयारी असेल तर तिने तो हिस्सा पुन्हा बक्षीसपत्राने द्यावा.

वडिलांच्या डोक्यावर कर्ज होतं. हक्क सोडला की कर्जातून सुटलो?

वारस बापाच्या कर्जाला स्वतःच्या कमाईतून बांधील नसतोच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे त्याची जबाबदारी, त्याच्या हाती आलेल्या मयताच्या मिळकतीपुरती. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, या जुन्या नियमाच्या आधारे २००५ नंतरच्या कर्जासाठी मुलावर दावा चालत नाही. वसुलीवाले फोनवर "तुम्हीच भरा" म्हणतात तेव्हा हे ठामपणे सांगा.

पण तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर ती जबाबदारी तुमची स्वतःची आहे आणि कोणत्याही हक्कसोडपत्राने ती जात नाही. हक्क तुम्ही एकट्याने सोडू शकता. देणं सोडायचा अधिकार फक्त घेणेकऱ्याचा. त्याने लेखी सोडलं किंवा तुमच्या जागी दुसऱ्याला मान्य केलं, तरच सुटका. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असेल तर तो जमिनीबरोबर पुढे जातो, जमीन कोणाच्याही नावे होवो. आणि सावकार दारात असताना त्याला बुडवण्यासाठी हिस्सा भावाला सोडला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली घेणेकरी तो व्यवहारच रद्द करून मागू शकतात.

"माझा मुलगा माझ्या ऐकण्यात नाही, त्याला बेदखल केले आहे" अशा जाहीर नोटिशीने काय होतं?

लोकांना सूचना मिळते की त्याच्या व्यवहारांना आपण जबाबदार नाही. एवढंच. सज्ञान मुलाच्या कर्जाला बाप तसाही जबाबदार नसतो. नोटिशीने मुलगा वारसपदावरून उतरत नाही. स्वकष्टार्जित मिळकत त्याला जाऊ नये असं वाटत असेल तर मृत्युपत्र करावं लागतं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला त्याचा जन्मजात हिस्सा बापाला काढून घेताच येत नाही. मूल अज्ञान असेल तर पोटगीची जबाबदारीही नोटिशीने टळत नाही. उलटही खरं: "आईवडिलांशी माझा संबंध नाही" असं मुलाने शंभर ठिकाणी छापलं तरी त्यांच्या निर्वाहाचं कर्तव्य कायम राहतं.

देऊ केलेली गोष्ट सरळ नाकारता येते असं काहीच नाही का?

आहे. बक्षीस स्वीकारल्याशिवाय पुरं होत नाही, तेव्हा नको म्हणता येतं. पण एकाच बक्षिसात चार गोष्टी असतील आणि एकीवर बोजा असेल, तर गोड तेवढं घेऊन बाकीचं टाकता येत नाही. घ्यायचं तर सगळं. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलं गेलं असेल तर ते काम लेखी नाकारता येतं. खाजगी न्यासाचा विश्वस्त होणंही सुरुवातीला वाजवी मुदतीत नाकारता येतं. एकदा कारभार हाती घेतला की मनात आलं म्हणून मोकळं होता येत नाही.

बँकेने "डिस्क्लेमर लेटर" मागितलं आहे.

ठेवीची रक्कम एका वारसाला द्यायला बाकीच्यांची संमती, असा तो कागद. ठेव जंगम असल्याने नोंदणी लागत नाही. त्यात खाते क्रमांक आणि ठेवीचा उल्लेख असू द्या, म्हणजे त्याचा अर्थ घरादारापर्यंत ताणला जाणार नाही. नॉमिनी असेल तर बँक त्याला पैसे देते, पण तो वारसांच्या वतीने घेतो. त्याने एकट्याने ठेवून घेतले तर वारस आपला वाटा मागू शकतात.

शेतजमीन सरकारजमा करता येते?

जमीन महसूल संहितेच्या कलम ५५ खाली भोगवटादार (जमीन धारण करणारा) महसुली वर्ष संपण्याच्या किमान तीस दिवस आधी तहसीलदाराला लेखी नोटीस देऊन जमीन सरकारला सोडू शकतो. तिच्यावरचे इतरांचे हक्क आणि बोजे तसेच राहतात.

लिहून दिलं तरी जे सुटत नाहीत असे हक्क कोणते?

कायद्याने फक्त तुमच्या खाजगी सोयीसाठी दिलेला लाभ तुम्ही सोडू शकता. ज्यामागे सार्वजनिक हित आहे तो सोडता येत नाही. मूलभूत हक्क कोणी लिहून दिल्याने जात नाहीत, हे बशेशर नाथ खटल्यापासून ठरलेलं आहे. "पुढे कधीही पोटगी मागणार नाही" असं पत्नीकडून लिहून घेतलं, तरी तिला निर्वाहाचं साधन नसेल तर तो कागद तिच्या आड येत नाही. "कोर्टात जाणार नाही" हा करारही करार कायद्याच्या कलम २८ ने निरर्थक.

दुकानातल्या "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीचंही तेच. माल सदोष असेल तर बिलातल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. हॉटेलच्या माणसाने किल्ली घेऊन गाडी लावली आणि ती चोरीला गेली, तर "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" छापलेली चिठ्ठी दाखवून हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीपणातून निसटता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

वकिलाची फी परवडत नाही. मसुदा कोणाला दाखवू?

नागपूर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही. हेल्पलाइन १५१००. मसुद्याची प्रत, मिळकतीचा उतारा आणि मृत्यू दाखला घेऊन जा, आणि सही करायच्या आधी जा.